केबलविना मराठी टीव्ही: इंदूरच्या तीन घरांच्या प्रकल्प नोंदी

१५ जून २०२५, रविवार

काय करायचं आहे ते आजच लिहून ठेवते, म्हणजे नंतर फाटे फुटणार नाहीत. तीन घरांचा टीव्हीचा खर्च कमी करायचा. पहिलं आमचं, लोकमान्य नगरचं. तिथे आई, मी आणि शिकायला आलेला भाचा. दुसरं वरच्या मजल्यावरच्या काकूंचं. तिसरं सुदामा नगरात भाड्याने राहणाऱ्या मावशीचं. अट एकच: मराठी तुटता कामा नये.

ही अट मला फार महत्त्वाची वाटते. इंदुरात हिंदी वाहिन्यांना तोटा नाही, पण इथल्या केबलच्या मूळ पॅकमध्ये मराठी जवळपास नसतंच. ते वरचे पैसे मोजून घ्यावं लागतं. आईच्या पिढीच्या मैत्रिणी एकेक करून मुलांकडे पुण्या-बंगळुरूला गेल्या, गल्लीतली मराठी घरं विकली गेली. दिवसभरात तिच्या कानावर पडणाऱ्या मराठीचा मोठा वाटा आज टीव्हीचा आहे. पैसे वाचवायला तो वाटा तोडायचा असेल, तर हा प्रकल्पच नको.

आमचं केबलचं बिल महिन्याला ४२० रुपये, म्हणजे वर्षाला ५,०४०. ते फोडून पाहिलं. नेटवर्क शुल्क १३०, पे वाहिन्यांचे साधारण २२६ आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६४. म्हणजे एकही पे वाहिनी न घेता नुसतं कनेक्शन चालू ठेवायचं म्हटलं तरी १५३ रुपये ४० पैसे जातात.

हा १३० चा आकडा ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार आणि केबल-टीव्हीवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या नियमांतून आलेला. १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला वाहिन्या सुट्या निवडायचा हक्क मिळाला, तेव्हा १०० वाहिन्यांसाठी १३० ही कमाल मर्यादा होती. २०२० मध्ये त्याच पैशांत २०० वाहिन्या द्याव्यात असं ठरलं. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादाच काढली. आमच्याकडे अजून १३० च लागतात, पण ते वाढवायचे की नाही हे आता चालकाच्या हातात आहे.

२२ जून, रविवार

आठवडाभर टीव्हीपाशी वही ठेवली होती. कोणी काय पाहिलं, किती वाजता पाहिलं, एवढंच लिहायचं. काकूंनी आणि मावशीनेही आपापल्या घरी लिहिलं. हे काम सगळ्यांत आधी करावं असं मी कोणालाही सांगेन. पर्यायांची यादी नंतर आपोआप छोटी होते.

आई: सकाळी सह्याद्री, संध्याकाळी ७ च्या मराठी बातम्या, रात्री स्टार प्रवाहच्या दोन मालिका. बाकी टीव्ही चालू असतो, पण ती बघत नसते.

काकू: बातम्या, अभंग, जुनी गाणी. मालिका अजिबात नाहीत.

मावशी: झी मराठीवरची रात्रीची मालिका, कधी स्टार प्रवाह. तिच्याकडे इंटरनेट नाही, मोबाइल आहे पण त्यावर फक्त फोन आणि फोटो.

भाचा: क्रिकेट. सध्या इंग्लंडमधली कसोटी मालिका.

ज्या शेकडो वाहिन्यांचे पैसे जातात त्यांतल्या बहुतेक या वहीत एकदाही आल्या नाहीत. आई वही वाचून म्हणाली, "अगं, मग एवढ्या वाहिन्या कोणासाठी घेतल्या आपण?"

२४ जून

पर्याय तपासले.

साधा अँटेना. दूरदर्शनने २५ फेब्रुवारी २०१६ पासून १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण (उपग्रहाऐवजी जमिनीवरच्या मनोऱ्यावरून होणारं) सुरू केलं, त्यात इंदूर होतं. पण त्यातल्या पाच वाहिन्यांत सह्याद्री नव्हती. आमच्या अटीत बसत नाही, बाद.

बीएसएनएलची आयएफटीव्ही. फायबरवरून थेट वाहिन्या देणारी ही सेवा २०२४ च्या शेवटी सर्वांत आधी मध्य प्रदेशात आणि तामिळनाडूत आली. टीव्ही पाहताना इंटरनेटचा डेटा त्यात खर्च होत नाही, ही मोठी सोय. ज्यांच्याकडे बीएसएनएलचं फायबर आहे त्यांनी आधी याची चौकशी करावी. आमचं ब्रॉडबँड दुसऱ्या कंपनीचं आहे आणि उरलेल्या दोन घरांत इंटरनेटच नाही, म्हणून आत्ता सोडलं.

डीडी फ्री डिश. ही दूरदर्शनची स्वतःची डीटीएच सेवा. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस नावाने सुरू झाली, २०१४ मध्ये फ्री डिश झाली. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, त्यानंतर महिन्याचं काहीच नाही. सह्याद्री त्यावर आहे. आकाशवाणीच्या बऱ्याच सेवा आहेत, विविध भारतीसुद्धा. पहिली ते बारावीच्या पीएम ई-विद्याच्या शैक्षणिक वाहिन्या आहेत. शाळकरी मुलं असलेल्या घरांनी त्यांचा विचार जरूर करावा, शिकवणीचे पैसे भरणं ज्यांना जड जातं त्यांनी तर नक्कीच. खासगी वाहिन्यांच्या जागा मात्र लिलावाने दिल्या जातात आणि वर्ष एप्रिलपासून मोजलं जातं. त्यामुळे आज दिसणारी एखादी खासगी मराठी वाहिनी पुढच्या एप्रिलमध्ये असेलच असं नाही. फ्री डिश घ्यायची ती सह्याद्रीच्या भरवशावर.

क्रिकेटचाही एक मुद्दा आहे. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्यात येतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये स्पष्ट केलं की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या स्वतःच्या भूप्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. केबलवरच्या दूरदर्शनवर सामना दिसत नाही आणि फ्री डिशवर दिसतो, त्याचं कारण हे.

ॲप. स्टार प्रवाह जिओहॉटस्टारवर, झी मराठी झी५ वर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. तिन्हींची वर्गणी भरली तर केबल बरी म्हणायची वेळ येईल. जिओहॉटस्टारची सुपर योजना सध्या, म्हणजे २०२५ मध्ये, वर्षाला ८९९ रुपये, एका वेळी दोन उपकरणांवर, जाहिरातींसह. प्रसार भारतीचं वेव्ह्ज ॲप २० नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात आलं. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट आणि फुकट दिसतात. मराठी बातम्यांच्या बहुतेक वाहिन्या यूट्यूबवर थेट असतातच.

२७ जून

सामान आणायला जेल रोडला गेले. एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवायच्या नव्या पद्धतीचा) बॉक्स १,२०० रुपये, युनिव्हर्सल एलएनबी (छत्रीसमोर बसणारा, सिग्नल पकडणारा भाग) २००, छत्रीपासून बॉक्सपर्यंतची आरजी-६ तार २० रुपये मीटरने १५ मीटर, कनेक्टर ४० चे. बॉक्स घेताना एमपीईजी-४ चाच मागायचा. जुना एमपीईजी-२ बॉक्स दोन-तीनशेने स्वस्त पडतो, पण फ्री डिशच्या सगळ्या वाहिन्या त्यावर उघडत नाहीत.

एका दुकानात एक स्टिक, म्हणजे टीव्हीला जोडून त्यावर ॲप चालवायचं छोटं यंत्र, पुढे केली गेली. "दीदी, इसमें सब चलता है, पूरा साल, एक पैसा नहीं।" चोरीच्या प्रक्षेपणाचं ॲप आधीच भरलेलं होतं. मी ती परत सरकवली. चोरीचा माल घरात नको, ही पहिली गोष्ट. दुसरी म्हणजे असलं ॲप कोण चालवतं ते माहीत नसतं आणि त्याच वाय-फायवर माझं बँकेचं काम चालतं. शिवाय ते अचानक बंद पडलं की रात्री आठ वाजता मावशी फोन करणार तो मलाच.

आमच्यासाठी छत्री घ्यावी लागली नाही. बंद केलेल्या खासगी डीटीएचची ६० सेंमीची छत्री गच्चीवर पडून आहे. थोडा गंज आहे, पण पत्रा वाकलेला नाही. वाकलेली असती तर नवीनच घेतली असती.

२९ जून, रविवार

छत्री बसली. ही नोंद सविस्तर करते, कारण फिटर नेहमी घाईत असतो आणि नंतर एखादा नट सैल झाला की आपल्यालाच वर चढावं लागतं.

फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावर आहे. तो विषुववृत्ताच्या वर ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असतो. इंदूर साधारण ७५.९ अंशांवर. म्हणजे उपग्रह आपल्या दक्षिणेला, पण बराच पूर्वेकडे कललेला. हिशेब केला तर इंदुरातून दिशा उत्तरेपासून मोजून सुमारे १४० अंश येते, ढोबळ बोलायचं तर आग्नेय. क्षितिजापासून उंची सुमारे ५७ अंश. आमची जुनी छत्री ८३ अंश पूर्वेच्या उपग्रहाकडे लावलेली होती. तिला सुमारे २० अंश पूर्वेकडे वळवायची आणि जवळपास ५ अंश खाली झुकवायची, एवढाच फरक.

छत्री ५७ अंशांवर बघत असली तरी तबकडी तेवढी आडवी दिसत नाही. या छत्र्या ऑफसेट असतात, एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो. म्हणून तबकडी बरीच उभी वाटते आणि बघणाऱ्याला ती समोरच्या गच्चीकडे रोखल्यासारखी दिसते. समोरचा कडुनिंब आड येईल अशी आईला काळजी होती. ५७ अंशांचा हिशेब असा, की १० मीटरवरचं झाड छत्रीच्या वर १५ मीटरहून अधिक उंच असेल तरच ते आड येतं. कडुनिंब तेवढा नाही. तो वाचला, याचा आईला सिग्नलपेक्षा जास्त आनंद झाला.

मोबाइलमधलं होकायंत्र लोखंडी कठड्यापाशी भलतीच दिशा दाखवतं. गच्चीच्या मध्यावर उभं राहून दिशा पाहिली, दूरच्या एका पाण्याच्या टाकीची खूण धरली आणि मग छत्रीपाशी आले.

फिटरने खाली टीव्हीपाशी भाच्याला बसवलं आणि मोबाइल कानाला लावला. बॉक्सच्या सिग्नलच्या पानावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थची पट्टी एलएनबीला वीज मिळाली की भरते, उपग्रह सापडलेला असो वा नसो. बघायची ती क्वालिटी. छत्री मिलिमीटर-मिलिमीटरने पूर्वेकडे सरकवायची, प्रत्येक हालचालीनंतर तीन-चार सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला समजायला तेवढा वेळ लागतो. लोक थांबत नाहीत आणि उपग्रह ओलांडून पुढे निघून जातात. आमचा फिटर थांबणारा होता. खालून भाचा ओरडला, "आला!" आणि वरून उत्तर, "भिया, अब हाथ मत लगाना किसी चीज़ को।"

त्यानंतर एलएनबी स्वतःभोवती फिरवायचा. इंदुरातून या उपग्रहासाठी त्याला सुमारे ३६ अंशांचा तिरपेपणा लागतो, पूर्वीच्या उपग्रहाला १६-१७ च पुरत होता. एवढ्या एका गोष्टीने क्वालिटीची पट्टी चांगली एक बोट वाढली. फिटर हे करायचं सोडून निघाला होता. मी आग्रहाने करून घेतलं, कारण उन्हात कमी क्वालिटीवरही चित्र स्वच्छ दिसतं, कमतरता उघडी पडते ती पावसात.

तार एलएनबीखाली सरळ न सोडता एक वळसा देऊन बांधली, म्हणजे पाणी वळशाच्या तळाशी ठिबकतं, कनेक्टरमध्ये शिरत नाही. कनेक्टरवर पाण्याची टेप गुंडाळली. फिटरचे ३०० रुपये. एकूण २,०४०.

वाहिन्या शोधून झाल्यावर आईने रिमोट हातात घेतला, सह्याद्री लावली आणि आवाज वाढवला. ७ च्या बातम्यांना वेळ होता, कुठलंसं शेतीविषयक चाललं होतं. तेच बघत बसली.

६ जुलै, आषाढी एकादशी

रात्रीपासून पाऊस. पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमाराला असते आणि आईला ती थेट बघायची असते, दरवर्षी. केबल अजून मुद्दाम चालू ठेवली आहे. निदान महिनाभर दोन्ही शेजारी-शेजारी चालवायचं ठरवलंय, म्हणजे तुलना खरी होते.

पूजेच्या वेळी पाऊस मध्यम होता, चित्र टिकलं. आई हात जोडून बसली होती, मी क्वालिटीचा आकडा बघत होते. पहाटे सरी एकदम जोरात आल्या तेव्हा चौकोन-चौकोन झाले आणि काही मिनिटं पडदा काळा. डीटीएच ज्या केयू बँडच्या लहरींवर चालतं त्यांना दाट पाऊस अडवतो, त्याला इलाज नाही. खासगी डीटीएचलाही तेच. सर ओसरली की चित्र आपोआप येतं, बॉक्स बंद-चालू करायची गरज नसते. आईला हे समजावून सांगितलं आणि पर्याय म्हणून माझ्या मोबाइलवर वेव्ह्जमध्ये सह्याद्री लावून दिली.

माळव्यातल्या पावसाळ्यात असे तास किती येतील याची आता फारशी काळजी वाटत नाही.

१३ जुलै, रविवार

काकूंचं काम. त्यांच्याकडे छत्री नव्हती, म्हणून पूर्ण संच घेतला: १,७५० आणि बसवायचे ३००. त्या केबलला ३५० भरत होत्या, म्हणजे सहा महिन्यांत पैसे वसूल, पुढे सगळं फुकट. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या एकट्या बाईसाठी याहून चांगला पर्याय मला दिसत नाही.

टीव्ही जुना, जाड्या पाठीचा. त्याला एचडीएमआय नाही, पण बॉक्सला लाल-पांढरी-पिवळी पिनही असते, तीवर उत्तम चालला. अडचण रिमोटची. टीव्हीचा वेगळा, बॉक्सचा वेगळा, आणि चुकून टीव्हीचा इनपुट बदलला की पडद्यावर नुसत्या मुंग्या. टीव्हीच्या रिमोटवर चालू-बंद आणि आवाज सोडून बाकी सगळ्या बटणांवर जाड कागद चिकटवला. बॉक्समध्ये फेव्हरिटची यादी करून तीत सह्याद्री आणि त्यांना हव्यात तेवढ्याच वाहिन्या ठेवल्या. आता वर-खाली एवढं बटण दाबलं की त्याच फिरतात.

काकू म्हणाल्या, "बरं झालं गं, मला दोनशे नंबर पाठ होत नव्हते."

१९ जुलै

मावशी. तिथे फ्री डिश जमत नाही. घरमालक गच्चीवर काही लावू देत नाहीत आणि तिची बाल्कनी वायव्येला उघडते, म्हणजे उपग्रहाच्या बरोबर उलट्या बाजूला. मध्ये सगळी इमारत. बाल्कनीत छत्री लावून देतो म्हणणारा एक माणूस भेटला, त्याला पैसे देऊ नयेत. छत्रीला आकाशाचा तो तुकडा दिसलाच पाहिजे.

ॲपसाठी घरी ब्रॉडबँड घ्यावं का, हाही विचार केला. महिन्याचे साधारण ५०० आणि वर जीएसटी धरले तर वर्षाचे ७,०८० होतात. केबलच्या बिलापेक्षा कितीतरी जास्त, वर ॲपची वर्गणी वेगळी. मोबाइलच्या डेटावर मोठा टीव्ही चालवायचा म्हटलं तर एचडी चित्र तासाला ३ जीबीपर्यंत खातं, रोजचा दीड जीबी एका मालिकेतच संपेल. माझं मत पक्कं झालं आहे: घरात दुसऱ्या कामासाठी इंटरनेट असेल तरच ॲपचा विचार करावा, फक्त टीव्हीसाठी इंटरनेट घेऊ नये. लोक हाच हिशेब सोडून देतात आणि नुसती ॲपची वर्गणी केबलच्या बिलाशी ताडून बघतात.

मग मावशीची केबलच छाटली. नेटवर्क शुल्क १३०, झी मराठी आणि स्टार प्रवाह सुट्या. पॅकमध्ये घालता येणाऱ्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून दोन्ही १९ च्या धरल्या. १६८ आणि त्यावर १८ टक्के, म्हणजे १९८ रुपये २४ पैसे. ती आजवर ३८० भरत होती. दूरदर्शनच्या वाहिन्या आणि फुकट दिसणाऱ्या बाकीच्या वाहिन्या त्या १३० मध्येच आल्या.

केबलचा माणूस म्हणाला, सुट्या वाहिन्या मिळत नाहीत, पॅकच घ्यावा लागतो. वाद घातला नाही. प्रक्षेपकांच्या सुट्या दरांची छापील यादी, मावशीच्या सहीचा अर्ज, त्यावर ग्राहक क्रमांक, असं कार्यालयात दिलं आणि पोच मागितली. पोच द्यायला कुरकुर झाली, पण दिली. पुढच्या महिन्यापासून नवं बिल.

केबलला स्वस्त पर्याय शोधताना केबलचंच छोटं कनेक्शन हा पर्याय असू शकतो, हे मावशीच्या घरात समजलं.

२६ जुलै

आमच्या घरी स्टिक जोडली, २,८०० रुपये. टीव्ही जुना असला तरी एचडीएमआय आहे. टीव्हीच्या आतली स्मार्ट यंत्रणा असती तरी मी स्टिकच घेतली असती, कारण टीव्ही दहा वर्षं टिकतो आणि त्यातली ॲप त्याच्या निम्म्या काळात चालेनाशी होतात. स्टिक बदलणं स्वस्त पडतं.

जिओहॉटस्टार सुपर, ८९९. भाच्याला कसोटी आणि आईला मालिका, दोन्ही एकाच वर्गणीत.

आईला शिकवणं हे या प्रकल्पातलं सगळ्यांत नाजूक काम. ॲपमध्ये वाहिनी "लागत" नाही, मालिका शोधावी लागते, आणि त्याआधी प्रोफाइल विचारते, अपडेट विचारते, मध्येच कुठल्या तरी सिनेमाची झलक मोठ्याने सुरू होते. आईची चिडचिड रास्त आहे. रिमोटवरचं बोलायचं बटण दाखवलं. तिने मालिकेचं नाव मराठीत सांगितलं, यंत्राने हिंदी सिनेमे पुढे आणले. नावाआधी ॲपचं नाव घेतलं की बऱ्याचदा बरोबर सापडतं. तिने स्वतः एक वाट काढली: पाहिलेली मालिका "पाहणे सुरू ठेवा" च्या ओळीत पहिलीच येते, तिथेच जाऊन बटण दाबायचं. दुपारी जेवणानंतर आदल्या दिवसाचा भाग बघते आता. रात्रीची वेळ गाठायची घाई गेली, जेवणं वेळेवर होतात.

४ ऑगस्ट, सोमवार

ओव्हलच्या कसोटीचा शेवटचा दिवस. भारताला चार बळी हवे होते, इंग्लंडला ३५ धावा. भाचा, मी, काकू आणि खालच्या मजल्यावरची मुलं, सगळे आमच्या घरी. शेवटी वोक्स हात गळ्यात बांधून मैदानात उभा, आणि सिराज ॲटकिन्सनला चेंडू टाकायला धावत सुटला. तेवढ्यात शेजारच्या घरातून आरडाओरडा. त्यांच्याकडे केबल. आमच्या पडद्यावर त्रिफळा उडाला तो त्यानंतर. भारत ६ धावांनी जिंकला.

ॲपवरचं थेट चित्र केबलच्या मागे असतं, कारण ते तुकड्या-तुकड्यांनी येतं आणि ॲप थोडा साठा करूनच दाखवतं. सामन्याच्या वेळी ज्यांना हे खपत नाही त्यांनी खिडक्या लावून घ्याव्यात किंवा एकदिवसीय आणि टी-२० फ्री डिशवर बघावेत. भाच्याने दुसरा मार्ग लगेच पत्करला.

२४ ऑगस्ट, रविवार

केबल बंद करायचा अर्ज दिला. त्याआधी आईला स्पष्ट विचारलं. ती म्हणाली, सह्याद्री आहे, मालिका आहे, बातम्या आहेत, बंद कर.

फोनवर सांगून कनेक्शन बंद होत नाही, असा आजूबाजूच्यांचा अनुभव आहे. पुढच्या महिन्याचं बिल येतच राहतं. म्हणून लेखी अर्ज, बॉक्स परत केल्याची पावती त्यावर बॉक्सच्या क्रमांकासह, आणि शेवटच्या बिलाची पावती. तिन्हींचे फोटो या नोंदींसोबत जपले आहेत.

७ सप्टेंबर, रविवार

गणपती गेले. काल अनंत चतुर्दशीची झांक्यांची (सजवलेल्या चित्ररथांची) मिरवणूक पहाटेपर्यंत चालली, घरात टीव्ही कोणी लावलाच नाही. उत्सवाच्या दिवसांत आईने सह्याद्रीवर कीर्तनं ऐकली, काकूही खाली येऊन बसायच्या. पावसामुळे चित्र गेलं ते एकदाच, आणि तेही आरतीच्या वेळी, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही.

मावशीचं नवं बिल १९८ चं आलं. फोन करून दोनदा आकडा वाचून दाखवला तिने.

१२ ऑक्टोबर, रविवार

हिशेब. आमच्या घराचा पहिल्या वर्षाचा खर्च: फ्री डिश २,०४०, स्टिक २,८००, ॲप ८९९, मिळून ५,७३९. म्हणजे पहिल्या वर्षी केबलपेक्षा ६९९ रुपये जास्तच गेले. लोकांना सांगताना हे लपवत नाही. दुसऱ्या वर्षी फक्त ८९९ लागतील, वर्गणी वाढली तर थोडे अधिक. दोन वर्षांचे मिळून ६,६३८, केबलचे झाले असते १०,०८०. ब्रॉडबँड यात धरलेलं नाही, कारण भाच्याच्या अभ्यासासाठी आणि माझ्या कामासाठी ते असतंच. काकूंचे एकदाच २,०५०. मावशीची बचत महिन्याला १८१ रुपये ७६ पैसे.

स्टिक न घेता नुसती फ्री डिश घेतली असती तर आमचेही पहिल्या वर्षीच तीन हजार वाचले असते. पण मग आईच्या मालिका गेल्या असत्या, आणि त्या जाऊ द्यायच्या नाहीत हे १५ जूनलाच ठरलं होतं.

गल्लीतल्या आणखी दोन मराठी घरांनी विचारलं आहे. त्यांना आधी वही दिली आहे, आठवडाभर लिहायला. एका घरी नवीन टीव्ही घ्यायचा आहे. त्यांना दुकानात उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेला टीव्ही विचारायला सांगितलंय. त्यासाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १८११२ हे मानक २०२२ पासून आहे, आणि असा टीव्ही असेल तर छत्रीची तार थेट त्यात जाते, वेगळा बॉक्स आणि दुसरा रिमोट लागत नाही.

राहिलेली कामं: छत्रीचे नट-बोल्ट घट्ट करून त्यांना ग्रीस लावणे. एलएनबीचं प्लास्टिकचं टोपण उन्हाने तडकलं आहे का ते बघणे. १ एप्रिलनंतर दोन्ही घरांत वाहिन्या नव्याने शोधणे, काकूंची फेव्हरिट यादी पुन्हा लावणे. ॲपची वर्गणी जुलैमध्ये संपते, तेव्हा आईला विचारायचं की याच ॲपवर राहायचं की मावशी सांगते त्या झी मराठीच्या मालिकेसाठी एक वर्ष तिकडे जायचं.